तबकडीची दुसरी बाजू

गेल्या अंकात ‘नॉर्दर्न सोल’ या २०१४ सालच्या इंग्रजी चित्रपटाबद्दल मी या सदरात पाच-सहा ओळी लिहिल्या होत्या. तेवढ्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. म्हणून या महिन्याचं सदर त्यालाच देतो. बाकीच्यांनी थोडा धीर धरावा.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. साल १९७४. उत्तर इंग्लंडात लँकेशायर म्हणून भाग आहे, तिथलं एक कल्पित गाव. जॉन हा एकलकोंडा मुलगा. शाळेत त्याचं कुणाशी पटत नाही. त्याला मॅट भेटतो आणि मॅटमुळे गाणी भेटतात. ही गाणी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकांची, दहाएक वर्षांपूर्वीची, तिकडे कुणी न विचारलेली. दोघं दिवसा कारखान्यात राबतात आणि रात्री या गाण्यांवर नाचतात. पैसे साठवून अमेरिकेला जायचं आणि कुणाकडेच नाहीत अशा गाण्यांच्या तबकड्या शोधून आणायच्या, हे त्यांचं स्वप्न. एलेन कॉन्स्टंटाईन ही दिग्दर्शिका मूळची छायाचित्रकार, त्याच मुलखात वाढलेली. तिचा हा पहिलाच चित्रपट. नाचणारी गर्दी खरी वाटावी म्हणून तिने चित्रीकरणाच्या कितीतरी आधीपासून तरुण पोरापोरींना गोळा करून हा नाच शिकवला होता. पडद्यावर ते दिसतं.

आता पत्रं.

सोलापूरच्या विडी घरकुल वसाहतीतून एक आई लिहितात: काका, माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. टॉवेलच्या कारखान्यात मागावर असतो, बारा तासांची पाळी. घरी आला की जेवतो न जेवतो की निघाला. शाळेच्या मैदानात पाच-सहा पोरं मोबाईलवर गाणी लावून नाचतात. तुम्ही लिहिलेला पिक्चर त्यानं बघितला. आता घरात फरशीवर पावडर टाकून पाय घासत गोल फिरतो. महिन्याचा डबा आठवड्यात संपला. मी रोज हजार विड्या वळते, ते पावडर उडवायला नाही. त्या पिक्चरमधली पोरं गोळ्या खातात असं शेजारच्या पोरानं सांगितलं. तेव्हापासून मला झोप नाही. हे खूळ कसं काढू?

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी पावडरचं सांगतो, कारण ते सोपं आहे.

कॅरमच्या बोर्डवर आपण पावडर टाकतो, सोंगटी सरकावी म्हणून. तेच आहे. उत्तर इंग्लंडातल्या विगन नावाच्या गावात याच गाण्यांवर नाचायचं ‘विगन कसिनो’ हे नाचघर होतं. नाव कसिनो असलं तरी जुगाराशी संबंध नाही, तो जुना बॉलरूम. तिथली जमीन लाकडी होती आणि पोरं चामडी तळव्याचे बूट घालून यायची. लाकडावर पावडर आणि वर चामडं, म्हणजे पाय कडेकडेने पाण्यावरून गेल्यासारखा जातो. तुमच्या घरी बहुतेक शहाबादी फरशी असेल. त्यावर पावडर टाकून अनवाणी गिरकी घेतली तर एखाद दिवशी मनगट मोडेल. मागावर काम करणाऱ्या पोराला मनगट मोडून चालणार नाही. त्याला सांगा, पावडर बंद, पायात सुती मोजे घाल. मोज्यावर फरशीवरही पाय छान सरकतो. तुमचा डबाही वाचेल.

आता गोळ्यांचं. तुमच्या शेजारच्या पोरानं खरं तेच सांगितलं. तो नाच रात्रभर चालायचा. कसिनोची रात्र मध्यरात्रीनंतर सुरू व्हायची आणि सकाळी आठला संपायची. दारू तिथे मिळत नसे, दारूचा परवानाच नव्हता. पण आठवडाभर कारखान्यात राबलेलं शरीर शनिवारी रात्रभर नाचणार कसं? पुष्कळ पोरं अँफेटामिनच्या गोळ्या घ्यायची. वजन कमी करायला डॉक्टर ज्या गोळ्या देत त्याच. त्यासाठी औषधांची दुकानंही फोडली जायची. भूक मरते, झोप मरते, दोन दिवसांनी माणूस स्वतःच्या सावलीवर खेकसायला लागतो. चित्रपटाने हे झाकलेलं नाही, आणि त्याबद्दल मला दिग्दर्शिकेचा आदर वाटतो. मैत्री कशी कुजते हे तिने गोळ्यांमधूनच दाखवलंय.

तेव्हा भीती बाळगा, पण नेमक्या गोष्टीची बाळगा. मुलगा जेवतो का? सुट्टीच्या दिवशी गाढ झोपतो का? पगाराचा हिशेब लागतो का? या तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर नाचाला खूळ म्हणू नका. नसेल तर आरडाओरडा न करता सरळ विचारा, आणि लागलं तर डॉक्टरकडे घेऊन जा. बारा तासांची पाळी करून जागरण करणाऱ्याला गोळी नको असते, झोप हवी असते. नाच शनिवारी रात्री, दुसऱ्या दिवशी सुट्टी, एवढा नियम तुम्ही घालू शकता. विगनच्या पोरांचाही आठवड्याचा राजा शनिवारच होता.

आणखी एक करा. एकदा मैदानात जाऊन बघा. लांबून किंवा त्याला न सांगता नको. त्याला सांगून जा. गणपतीच्या मिरवणुकीत तो लेझीम खेळत असता तर तुम्ही कडेला उभ्या राहिला असता की नाही? आपल्या सोलापूरची लेझीम बघायला आख्खं गाव रस्त्यावर येतं. मी स्वतः वयाच्या बत्तिसाव्या वर्षापर्यंत साखर पेठेतून लेझीम घेऊन निघायचो. महिनाभर आधीपासून रात्री दहानंतर सराव. हलगी कडाडली की दिवसभराचा शीण कुठे जातो ते मला माहीत आहे. त्या इंग्रज पोरांचा नाच थोडा वेगळा. त्यात जोडी नाही, रांग नाही. प्रत्येक जण आपल्यापुरता नाचतो. कुणी गिरकी घेतो, कुणी मागे जमिनीवर पडून हातावर उठतो, कुणी नुसता पाय सरकवतो. आणि मधेच गाण्यात एक ठिकाण येतं, तिथे शेकडो जण एकाच क्षणी एक टाळी वाजवतात. कुणी खूण केलेली नसते. ते गाणं सगळ्यांना इतकं पाठ असतं. चित्रपटात ती टाळी आली आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण लेझीम पन्नास जणांची एकदम वाजते तेव्हा तोच आवाज होतो.

तो कशावर नाचतो ते त्याला विचारा. गाण्याचं नाव विचारा. हे शेवटचं का सांगतोय ते पुढच्या पत्रांत कळेल.

जुना पुणे नाका भागातले एक निवृत्त गिरणी कामगार विचारतात: तुम्ही लँकेशायर लिहिलंत. ज्या लँकेशायरच्या कापडानं आपल्या विणकरांच्या पोटावर पाय आला, ज्या कापडाच्या आपण होळ्या केल्या, तेच का हे? मग त्यांच्या पोरांचं कौतुक आपण का करावं?

अण्णा, तेच. विगनला कापसाच्या गिरण्याही होत्या आणि कोळशाच्या खाणीही. तुमचा प्रश्न मला टोचला, कारण माझे वडील गिरणीत साच्यांवर, म्हणजे यंत्रमागांवर होते आणि ‘मँचेस्टर’ हा शब्द आमच्या घरी शिवीसारखा उच्चारला जायचा.

पण एक गोष्ट तुम्हाला आठवण म्हणून सांगतो. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर आपल्या सोलापुरात गिरणी कामगार रस्त्यावर आले आणि इंग्रजांनी इथे मार्शल लॉ पुकारला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिलं. त्याच १९३१ च्या सप्टेंबरात, गोलमेज परिषदेसाठी विलायतेला गेलेले गांधीजी मुद्दाम लँकेशायरला गेले. आपल्या बहिष्कारामुळे तिथल्या गिरण्या थंडावल्या होत्या, माणसं बेकार झाली होती, त्यांना भेटायला. डार्वेन गावातला तो फोटो तुम्ही पाहिला असेल. गांधीजी पंच्यात, आणि चहूबाजूंनी गिरणीतल्या बायका हात वर करून हसताहेत. आपल्या बहिष्काराची झळ त्या बायकांना बसली होती, तरी त्या हसत होत्या. गांधीजींनी त्यांना हिंदुस्थानातलं दारिद्र्य समजावून सांगितलं आणि त्यांनी ते ऐकून घेतलं.

या चित्रपटातली पोरं म्हणजे त्या बायकांची नातवंडं धरा. १९७४ पर्यंत तिकडच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत आल्या होत्या. मालकांचा पैसा दुसरीकडे गेला, यंत्रं भंगारात गेली, माणसं उरली. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली तेव्हापासून सोलापूर भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. भोंगा थांबला तेव्हा काय झालं ते तुम्ही भोगलंय, मी वडिलांच्या तोंडावर पाहिलंय.

लँकेशायरच्या विणकर बायका साच्यांच्या खडखडाटात ऐकू येत नाही म्हणून ओठांच्या हालचालींवरून बोलणं ओळखायच्या. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ गप्प बसलो होतो. माझे वडील घरीसुद्धा हातवारे करून बोलायचे. मीठ हवं असेल तर दोन बोटं चोळून दाखवायचे. आई म्हणायची, घरात तरी तोंड वापरा. अण्णा, ज्या घरात माणसं साच्याच्या आवाजाने बहिरी होतात, त्या घरातली पोरं वेगवान ठेक्यावर नाचायला का धावतात, याचं उत्तर मला दुसऱ्या कुणी द्यायची गरज वाटत नाही. मी कौतुक करतो ते या पोरांचं.

होटगी रोडवरची एक विद्यार्थिनी विचारते: ‘सोल’ म्हणजे नक्की काय? आणि गोऱ्या पोरांनी काळ्या लोकांची गाणी उचलली, नाचले, मजा केली. ज्यांनी गायली त्यांना काय मिळालं? ही चोरीच नाही का?

बाळ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं करून देतो. भजनी मंडळात वाढलेला गळा उद्या प्रेमाचं गाणं गायला लागला तर त्यात आर्तता विठ्ठलाचीच राहील ना? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं गाणं आणि त्यांच्या वस्तीतलं ठेक्याचं गाणं, या दोन्हींतून ‘सोल’ झालं. डेट्रॉईट हे मोटारींच्या कारखान्यांचं शहर. बेरी गॉर्डी नावाचा तरुण आधी तिथे मोटारींच्या कारखान्यात कामाला होता. १९५९ साली घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन त्याने जी गाण्यांची कंपनी काढली, तीच पुढे जगभर गाजलेली मोटाऊन. तिचं यश बघून डेट्रॉईट, शिकागोत लहान लहान कंपन्यांनी शेकडो गाणी तशीच काढली. त्यातली बहुतेक चालली नाहीत. चांगली नव्हती म्हणून नव्हे, रेडिओवर वाजली नाहीत म्हणून.

साठचं दशक संपता संपता अमेरिकेतलं गाणं बदललं, ठेका जड झाला. उत्तर इंग्लंडातल्या पोरांना मात्र ते जुनं धावतं गाणंच हवं होतं. लंडनमध्ये कॉव्हेंट गार्डनला डेव्ह गोडिन नावाच्या गृहस्थांचं तबकड्यांचं दुकान होतं. फुटबॉलचे सामने बघायला उत्तरेतली पोरं लंडनला यायची तेव्हा दुकानात शिरून हीच जुनी गाणी मागायची. गोडिन यांनी दुकानातल्या लोकांना सांगितलं, ही पोरं आली की नवं दाखवू नका, ‘नॉर्दर्न सोल’ दाखवा. म्हणजे उत्तरेकडच्यांचं सोल. १९७० मध्ये ‘ब्लूज अँड सोल’ या मासिकातल्या आपल्या सदरात त्यांनी हे नाव छापलं आणि ते चिकटलं. एका मासिकातल्या एका सदराने एका आख्ख्या चळवळीचं बारसं केलं, याचा एक सदर लिहिणारा म्हणून मला फार आनंद आहे.

आता चोरीचं. तुझा राग बरोबर आहे, आणि मी त्याला पूर्ण उत्तर देऊ शकत नाही. ग्लोरिया जोन्स या गायिकेने १९६५ मध्ये ‘टेन्टेड लव्ह’ म्हणून एक गाणं काढलं. तबकडीच्या दुसऱ्या बाजूचं गाणं, म्हणजे कंपनीनेही ते दुय्यम मानलेलं. अमेरिकेत कुणी ऐकलं नाही. १९७३ मध्ये रिचर्ड सर्लिंग या इंग्रज डीजेला ती तबकडी अमेरिकेत सापडली. उत्तरेच्या नाचघरांत ती वाजू लागली, पोरं वेडी झाली. पुढे १९८१ मध्ये ‘सॉफ्ट सेल’ या इंग्रज जोडीने तेच गाणं नव्याने गायलं आणि ते इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेलं. जगाला गाणं त्यांचं म्हणून माहीत झालं. हा अन्याय आहे. मूळ गळा ऐक, मग नक्कल ऐक, तुला फरक कळेल.

पण दुसरी गोष्टही आहे. ही पोरं नुसती गाणी वाजवून थांबली नाहीत, त्यांनी गायकांना बोलावलं. एडविन स्टार, जॅकी विल्सन विगन कसिनोच्या मंचावर गाऊन गेले. स्टार तर पुढे इंग्लंडातच राहिले आणि २००३ मध्ये तिथेच वारले. आपल्या देशाने अडगळीत टाकलेलं आपलं गाणं परक्या देशातल्या हजार पोरांना शब्दन् शब्द पाठ आहे, हे बघून त्या माणसांना काय वाटलं असेल याचा विचार कर. चोरी आणि आदर यांची सरमिसळ आहे ही. चित्रपट चोरीच्या बाजूवर फारसा बोलत नाही, आणि ती मला त्यातली उणीव वाटते.

अक्कलकोट रोडवरून एक वडील विचारतात: सातवी-आठवीतल्या मुलांसोबत बघावा का?

नको. शिव्या भरपूर आहेत, गोळ्या आहेत. मुलं मोठी झाली की एकत्र बघा, आणि बघताना उठून जाऊ नका.

जोडभावी पेठेतला एक तरुण लिहितो: काका, मंगळवार बाजारात भंगारवाल्याकडे मला जुन्या तबकड्यांचा गठ्ठा मिळाला. पस्तीस नग, किलोच्या भावानं. काही मराठी, काही कानडी-तेलुगू, चारपाचांची नावं मी कधीच ऐकली नाहीत. एक तर इतकी भारी आहे की मी रात्रभर तीच लावली. माझं इन्स्टावर पेज आहे. त्यावर गाणं टाकू, पण नाव न सांगता टाकू असं मित्र म्हणतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला सापडणार नाही. त्या पिक्चरमध्येही डीजे लेबल झाकतात ना? आणि या तबकड्या धुवायच्या कशा?

आधी धुण्याचं, म्हणजे तू तोवर काही करून बसणार नाहीस. गठ्ठ्यात दोन जाती असतील. जड, जाड, पडली तर काचेसारखी फुटणारी ती लाखेची, ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी. हलकी, वाकणारी ती प्लॅस्टिकची, ४५ किंवा ३३ ची. लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नकोस. लाख विरघळते आणि गाणं कायमचं जातं. नुसतं ओलसर मऊ फडकं, खाचांच्या दिशेने, आणि लगेच कोरडं. प्लॅस्टिकची कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून धुवायला हरकत नाही, मधला कागद भिजू द्यायचा नाही. त्याच कागदावर सगळी माहिती असते. ठेवताना उभ्या ठेव, एकावर एक थापी नको. आणि पत्र्याच्या खोलीत तर मुळीच नको. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात प्लॅस्टिकची तबकडी पापडासारखी वर येते. खालच्या मजल्यावर, आतल्या भिंतीला.

आता नाव झाकण्याचं.

हो, ते खरं आहे. विगनचे, ब्लॅकपूलचे, स्टोकचे डीजे लेबलवर कागद चिकटवायचे आणि गायकाचं खोटंच नाव सांगायचे. दुसऱ्या डीजेला तबकडी सापडू नये म्हणून. फ्रँक विल्सन यांचं ‘डू आय लव्ह यू’ १९६५ चं. मोटाऊनने नमुन्याच्या प्रती काढल्या आणि जवळजवळ सगळ्या नष्ट केल्या. एखाद-दोन वाचल्या. कसिनोत ते गाणं आधी एडी फॉस्टर या भलत्याच गायकाच्या नावावर वाजत होतं. २००९ मध्ये त्याच्या एका मूळ प्रतीला २५,७४२ पौंड मिळाले. पोरं बेभान होऊन ज्या गळ्यावर नाचत होती, त्या गळ्याचं नाव त्यांना खोटं सांगितलेलं होतं. चित्रपटात हे लपवाछपवीचं वातावरण छान आलंय, बघणाऱ्याला ते थरारक वाटतं. मला वाटलं नाही. का ते सांगतो.

नव्या पेठेपासून चालत पाच मिनिटांवर माझं दुकान होतं, कॅसेट भरून द्यायचं. तेवीस वर्षं चालवलं. लोक गाण्यांची यादी घेऊन यायचे, मी साठ मिनिटांची, नव्वद मिनिटांची कॅसेट भरून द्यायचो. माझ्याकडे एक तबकडी होती. साठच्या दशकातली, आपल्याच भागातल्या एका बाईंची. पहिल्या बाजूला देवीचं गाणं होतं, ते साधंच. दुसऱ्या बाजूला लावणी होती. ढोलकी अशी सुटायची की दुकानात उभा असलेला माणूस पाय हलवल्याशिवाय राहत नसे. दुसरी प्रत मी कुणाकडे पाहिली नव्हती. ती लावणी हवी म्हणून बार्शी, पंढरपूरहून गिऱ्हाईक यायचं. म्हणून मी नाव सांगायचो नाही. कॅसेटच्या कव्हरावर लिहायचो, ‘सोलापूरची जुनी लावणी’. कुणी खोदून विचारलं तर म्हणायचो, लेबल फाटलंय. लेबल धड होतं.

एका दुपारी, गड्ड्याची यात्रा संपून आठवडा झाला असेल, एक बाई दुकानात आल्या. साठीच्या पुढच्या, पिशवीत विड्यांची पानं. म्हणाल्या, शेजारच्या घरात एक गाणं लागतं, ती कॅसेट तुम्ही भरली म्हणे. मी लावून दाखवलं. त्या काउंटरला हात टेकून उभ्या राहिल्या आणि पहिल्या कडव्यानंतर तबकडीतल्या आवाजाच्या अर्धी ओळ पुढे, स्वतःच म्हणायला लागल्या. आवाज फाटलेला, पण जागा तीच. मला कळलं. गाणं संपल्यावर त्या म्हणाल्या, मुंबईला एकदाच गेले होते, एका दिवसात दोन्ही गाणी झाली, रोख पैसे दिले आणि परत पाठवलं. मग कव्हर उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, “माझं नाव का लिहिलं नाही?”

त्या रागावल्या नव्हत्या. खरंच विचारत होत्या. त्यांना वाटलं असावं की काही नियम असेल.

मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, खोटंच होतं. त्यांना दोन कॅसेट फुकट दिल्या. त्या दिवशी रात्री बसून, भरून तयार असलेल्या एकोणीस कॅसेटींच्या कव्हरांवर मी त्यांचं नाव लिहिलं. पण आधीच्या चार-पाच वर्षांत गेलेल्या कॅसेटी गावोगाव तशाच आहेत, बिननावाच्या. पुढच्या वर्षी मी त्यांना शोधत गेलो तेव्हा त्या वारल्या होत्या. त्यांच्या नातीने मला सांगितलं, आजी कव्हरावरची ती ओळ सगळ्यांना वाचून दाखवायची, हे सोलापूरची जुनी लावणी म्हणजे मीच.

म्हणून तुला सांगतो, आणि हे मी तुझा काका म्हणून सांगतो. गाणं टाकायचं असेल तर आधी नाव टाक. गायिकेचं, ढोलकीवाल्याचं लेबलवर असेल तर त्याचंही, कवीचं, कंपनीचं, तबकडीचा नंबर. नाव खोडलेलं असेल तर मधल्या गुळगुळीत भागात, लेबलच्या अगदी बाहेर, कोरलेले बारीक आकडे असतात. कंदिलासारखा तिरका उजेड पाडलास की दिसतात. ते उतरवून घे. त्यावरूनही माग लागतो. दुसऱ्या कुणाला ती तबकडी सापडली तर सापडू दे. तुझ्या पेजला चार लोक कमी येतील. पण त्या गायिकेच्या गावात तिची एखादी नात तुझं पेज बघत असेल.

चारपाच नावं कधी ऐकली नाहीत म्हणतोस, ती मला बघायची आहेत. रविवारी सकाळी दहानंतर गठ्ठा घेऊन ये, संपादकांकडून पत्ता घे. माझं मशीन अजून चालू आहे, ७८ ची सुई वेगळी लागते तीही आहे. आणि रात्रभर लावलीस ती तबकडी पुन्हा लावू नकोस तोवर. लाखेची असेल आणि सुई जुनी असेल, तर दर वेळी थोडी थोडी झिजते.